तारांचा हिवाळा

थंडी पडली की माझ्या कानापुढचं हाड बोलायला लागतं. सकाळच्या पहिल्या जांभईला कट् असा बारीक आवाज येतो, आणि कॅलेंडरकडे न बघता मला कळतं की भात खळ्यावर आलं असेल, कापलेल्या शेतात ओलीवर पेरलेला वाल दोन पानांवर आला असेल. शहापूरच्या बाजारात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. तिथून शेतं दिसत नाहीत. समोर भांड्यांचं दुकान, बाजूला मोबाइल रिचार्जवाला, आणि लांबून हायवेवरच्या ट्रकांची घरघर. पण तो आवाज झाला की मी दहा-बारा वर्षं मागे, एका हिवाळ्यात जाऊन बसते. त्या हिवाळ्यात माझा चेहरा बदलायचा होता.

माझा खालचा जबडा पुढे आहे. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे जातात, आणि तोंड मिटलं तरी समोर फट उरते. मुरबाडजवळच्या आमच्या गावात शाळेतली पोरं मला सुपली म्हणायची. पाखडताना बायका सुपली पुढे करतात ना, तशी माझी हनुवटी. नाव इतकं चपखल होतं की एकदा मला स्वतःलाच हसू आलं. खरा त्रास नावाचा नव्हता, जेवणाचा होता. पेरू मला पुढच्या दातांनी तोडता येत नाही, ऊस येत नाही. तांदळाची मऊ भाकरीसुद्धा हाताने बारीक तोडून कडेच्या दाढेखाली सरकवावी लागते, आणि ते करताना तोंड वाकडं होतं. म्हणून कापणीच्या दिवसांत सगळी माणसं बांधावर जेवायला बसली की मी पाठ फिरवून डोंगराकडे तोंड करून बसायची. आई म्हणायची, "ऊन लागतं तिला तोंडावर." कुणी विचारलेलं नसायचं, तरी म्हणायची.

बारावीनंतर मी मुरबाडच्या शिवणक्लासला जायला लागले. तिथे सगळ्या मुली दोरा दातांनी तोडायच्या. बाई रागवायच्या, पण सवय जात नव्हती. गळ्यात कात्री अडकवून बसणारी मी एकटीच. बाई इतरांना माझं उदाहरण द्यायच्या, "कुंदाकडे बघा, किती शिस्त." मी मान खाली घालून टाके घालत राहायची.

त्याच सुमाराला गावात दातांचं शिबिर झालं. तपासायला आलेली डॉक्टर माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिने माझं तोंड बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हे नीट होतं, माहीत आहे ना?" मला माहीत नव्हतं. आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हतं. जसा डोंगर असतो तसा जबडा असतो, एवढंच आम्हाला ठाऊक. तिने मुंबईच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता दिला. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी हाताने माझी हनुवटी मागे लोटून दाखवल्यासारखं करत समजावलं. आधी वर्षभर दातांना तारा. मग जबड्याचं हाड कापून मागे सरकवायचं, पट्ट्या आणि स्क्रूने पक्कं करायचं, वरचे-खालचे दात एकमेकांना तारेने बांधून टाकायचे. हाड जुळेपर्यंत काही आठवडे फक्त पातळ खायचं. दवाखान्याचा खर्च फार नव्हता. पट्ट्या, स्क्रू आणि काही औषधं मात्र आपली आपण आणायची.

घरी हे सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "एवढं कापून काय करायचं? चाललंय की तिचं." तो वाईट मनाने नव्हता म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की माझं चाललंय. बाबा विडी पीत ओट्यावर बसले होते. विडी विझवून म्हणाले, "करू. भात निघू दे." त्यांचं बोलणं असंच. पण 'बघू' आणि 'करू' यांतला फरक मला कळत होता.

तारा बसल्या. दर महिन्याला त्या आवळून घ्यायला मुंबईला जायचं. पहिले दोन दिवस दात असे ठणकायचे की भातसुद्धा कुस्करून खावा लागायचा. आणि याच फेऱ्यांमध्ये, दवाखान्याच्या लांबलचक लाकडी बाकावर, मला वंदना भेटली.

ती तोंडावर रुमाल धरून बसली होती, मी ओढणी. मी बाकावर बसताना दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघींचे हात एकदमच खाली आले. तिचा जबडा माझ्यासारखाच, कदाचित थोडा जास्तच पुढे. नाव-गाव काही न विचारता ती म्हणाली, "तुला पेरू तोडता येतो?"

"नाय."

"मला पण नाय. चोरून नेऊन सुरीने कापते."

वंदना कसाऱ्याची. वडील रेल्वेत, रुळांच्या कामावर. त्यांच्या नोकरीमुळे तिच्या पट्ट्यांचा, औषधांचा खर्च निघणार होता. माझी आणि तिची तारीख मग डॉक्टरच एका दिवशीची द्यायला लागले. परतीची दुपारची गाडी रिकामी असायची. कल्याण येईपर्यंत आम्ही समोरासमोर बसायचो आणि डबे उघडायचो. ती चपातीचे तुकडे वरणात बुडवून ठेवायची, मी भाकरी दुधात. ती तोंड वाकडं करून चावायची, मीही. मध्येच एकमेकींकडे बघून हसायला यायचं आणि तारांमध्ये अडकलेलं सगळं दिसायचं. कुणाच्या समोर बसून पोटभर जेवण्याची माझी ती पहिली वेळ होती. कल्याणला मी उतरायची, मुरबाडची एसटी पकडायची. ती पुढे कसाऱ्यापर्यंत जायची. गाडी हलली की ती खिडकीतून रिकामा डबा वाजवून दाखवायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर तिचं ऑपरेशन झालं. मी भेटायला कसाऱ्याला गेले तेव्हा थंडी चांगलीच पडली होती. मुरबाडहून शहापूर, शहापूरहून कसाऱ्याची जीप. कसाऱ्याची थंडी वेगळी असते. घाटातून वारा खाली येतो आणि त्या वाऱ्याला गाड्यांच्या ब्रेकचा वास असतो. तिच्या घराचं दार लोटलेलं होतं. आत ती पलंगावर, अंगावर घोंगडी, चेहरा सुजून घागरीसारखा. दात बांधलेले असल्यामुळे बोलता येत नव्हतं. मांडीवर भावाची जुनी पाटी होती. तिने लिहिलं, "घाबरू नको. आत मीच आहे."

त्या काही आठवड्यांत मी बऱ्याच वेळा गेले. तिची आई पेज गाळून द्यायची, डाळीचं पाणी द्यायची, आणि ती दाढेमागच्या फटीतून नळीने ते ओढून घ्यायची. मग पाटीवर लिहायची, "बोल." आणि मी बोलायची. मी तशी बोलणारी नव्हे. पण समोरचं माणूस फक्त ऐकू शकतं म्हटल्यावर माझ्या तोंडून काय काय निघालं. सुपली नाव, डोंगराकडे तोंड करून जेवणं, क्लासमधली कात्री. ऐकताना तिचे डोळे भरायचे आणि ती पाटीवर फणकाऱ्याने लिहायची, "पोरांना बडवलं का नाय?" एकदा तिने लिहिलं, "तुझ्या टायमाला मी येणार. आईला नको आणू. आई रडते. मला सगळं म्हायती हाय." ते तिने बोटाने पुसलं नाही, मी वाचून होईपर्यंत माझ्यापुढे धरून ठेवलं.

मुंबईच्या मुलांना हिवाळा म्हणजे सुट्टी वाटत असेल. माझ्यासाठी हिवाळा म्हणजे आजही ती खोली, रॉकेलच्या स्टोव्हचा आवाज आणि ऐकणारं एक सुजलेलं तोंड. इतकं ऐकणारं तोंड मला पुन्हा मिळालं नाही.

नाताळाच्या सुमाराला तिचे वरचे-खालचे दात बांधणारी तार सोडली, दातांवरच्या तारा तेवढ्या राहिल्या. सूज उतरली होती. मी गेले तेव्हा ती अंगणात कपडे वाळत घालत होती आणि मी तिला ओळखलं नाही. चेहऱ्याची खालची बाजू मागे गेली होती, ओठ ओठावर बसला होता. आरशासमोर सराव केल्यासारखं ती हळूच म्हणाली, "कशी दिसते?"

"चांगली."

"खरं सांग."

"दुसरीच दिसतेस."

तिला इतका आनंद झाला की तिने मला ओल्या हातांनीच मिठी मारली. मीही हसले. मी घाबरले होते हे तिला सांगितलं नाही.

पौष पौर्णिमेला म्हसा गावची बैलबाजाराची जत्रा भरली. बाबा आमचा एक गोऱ्हा विकायला घेऊन गेले आणि मला म्हणाले, "चल." चारा-पाण्यासाठी बरोबर कुणी हवं होतं, असं ते म्हणाले. मला वाटतं, पैसे कशातून उभे राहतायत ते मी बघावं असं त्यांना वाटत होतं, उपकार म्हणून नव्हे, खात्री म्हणून. पाळण्यांचे भोंगे, घोंगड्यांचे ढीग, तळलेल्या भज्यांचा वास, आणि मागे मैदानभर बैल. एक गिऱ्हाईक आलं. त्याने गोऱ्ह्याच्या नाकात बोटं घालून मान वर केली, ओठ उलटा केला आणि बरोबरच्या माणसाला दात दाखवायला लागला. दोघं वाकून आत बघत होते, बोटाने दात चाचपत होते. मी ओढणी वर घेतली. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या माणसाला म्हणाले, "झालं ना बघून? सोडा त्याला." आवाज चढलेला नव्हता, पण गिऱ्हाईक निघून गेलं. गोऱ्हा संध्याकाळी दुसऱ्याला विकला. त्याने तोंड उघडून बघितलं नाही. भाव थोडा कमी दिला, आणि बाबांनी घेतला.

पैसे आईच्या पेटीत गेले. डॉक्टरांनी फाल्गुनातली तारीख दिली.

मधल्या माघात वंदनाचा साखरपुडा ठरला. चेहरा नीट झाला तसं लगेच स्थळ आलं, शहापूरकडचंच, मुलगा कंपनीत. मी स्वतः शिवलेला ब्लाउज घालून, आईची साडी नेसून गेले. दारातच वंदनाच्या आईने माझा हात धरून मला आत नेलं. "तू सैपाकघरात बस गो. भायेर लय माणसं हायत." थोड्या वेळाने वंदना स्वतः आली. हिरवा शालू, केसांत अबोली. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "दवाखान्याचं काय बोलू नको हां. त्यांना नुसतं सांगितलंय, दात सरळ करायला तारा लावल्यात. कापल्याचं नाय सांगितलं."

"बरं," मी म्हटलं.

तेवढ्यात तिची होणारी सासू पाणी प्यायला आत आली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, तारांकडे बघितलं, मग वंदनाच्या तारांकडे. "ही कोण?"

"शिवणक्लासची मैत्रीण," वंदना म्हणाली. तिने आयुष्यात सुईत दोरा ओवला नव्हता.

मी पदर तोंडावर घेतला. तसं करायचं ठरवलं नव्हतं, हात आपोआप वर गेला. वंदनाने ते पाहिलं, आणि तिला बरं वाटलं, हे मी पाहिलं. बाहेर तिला पेढा भरवला तेव्हा तिने तो पुढच्या दातांनी तोडला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. त्या पेढ्याचे असे दोन तुकडे होताना बघण्यासाठी आम्ही वर्षभर बाकावर बसलो होतो. मला आनंद व्हायला हवा होता. थोडासा झालाही.

तारीख जवळ आली. दवाखान्यात रात्रंदिवस जवळचं माणूस लागतं असं नर्सने बजावलं होतं. वहिनीचे दिवस भरत आले होते, आईला घर सोडता येत नव्हतं. बाबांना बायकांच्या वॉर्डात राहू देणार नव्हते. मी मुरबाडच्या एसटीडी बूथवरून कसाऱ्याच्या वाण्याकडे फोन लावला. वंदनाला बोलावलं होतं, आली तिची आई. "लग्नाचं चाललंय गो," त्या म्हणाल्या. "आता तिला दवाखान्यात कशी पाठवू? कोणी बघितलं म्हंजे?" त्यांचा आवाज कठोर नव्हता. त्यांनाही वाईट वाटत होतं.

"बरोबर हाय, मावशी," मी म्हटलं.

ठरलेल्या दिवशी मी पिशवी भरून एकटीच निघाले. घरी सांगितलं, वंदना येणार आहे. कल्याणला एसटीतून उतरले आणि स्टँडच्या बाकावर बसले. मला कापण्याची भीती नव्हती. भूल दिल्यावर सगळेच एकटे असतात. मला भीती होती ती शुद्धीवर येण्याची. तोंड बांधलेलं, मांडीवर पाटी, आणि ज्याच्यासाठी लिहायचं ते माणूसच समोर नाही. किती गाड्या आल्या, गेल्या. दुपारी मी मुरबाडची एसटी पकडली.

बाबांनी विचारलं, "काय झालं?" मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "पैशांचं वाढवलं काय?" मी हो म्हणून मान हलवली. पैशांचं कारण सगळ्यांना पटतं. त्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. पेटीतले पैसे मग दादाच्या नव्या खोलीच्या पत्र्यांत गेले. बाबा तरी अधूनमधून म्हणायचे, "पुढच्या साली करू." ते वारले त्या वर्षीही म्हणाले होते. मी पुन्हा दवाखान्यात गेले ती फक्त तारा काढून घ्यायला. पुढच्या वर्षभरात दात आपापल्या जुन्या जागी परत गेले, कुणी न बोलावता.

पुढे मी शहापूरला खोली घेतली, दुकान टाकलं. स्थळं आली, चहा पिऊन गेली. मध्ये एकदा कल्याणच्या खासगी दवाखान्यात चौकशीही करून आले. तिथल्या काउंटरवरच्या बाईंनी एका कागदावर आकडा लिहून तो उलटा करून माझ्यापुढे सरकवला. मी तो बघितला, धन्यवाद म्हटलं, आणि आलेच आहे तर म्हणून कल्याणच्या बाजारातून अस्तराचं कापड घेऊन परतले. आता शहापुरातसुद्धा तारा लावतात. कॉलेजच्या मुली रंगीत रबरं लावलेले दात दाखवत माप द्यायला येतात आणि तोंड उघडून हसतात. मला ते बघायला आवडतं. त्या गेल्या की मी मशीन जरा जोरात चालवते.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी दुकानाच्या पायरीवर एक बाई उभी राहिली. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी. बाईने पिशवीतून ब्लाउजपीस काढलं आणि म्हणाली, "शिवून मिळेल का गो?" त्या 'गो'वरून मी वंदनाला ओळखलं. मुलगी तिच्या पदरामागे तोंड लपवून उभी होती. मग तिने डोकं बाहेर काढलं, आणि मी हातातला टेप खाली ठेवला. तोच जबडा. आमचा जबडा.

"डॉक्टरकडे आणलेली," वंदना म्हणाली. "ही मानसी."

मानसी माझ्याकडे बघत राहिली. इतकं थेट माझ्या तोंडाकडे कुणी बघत नाही. मग ती पुढे आली. "तुमचं पण माझ्यासारखंच हाय."

"हो."

"आमच्यात कुणाचंच असं नाय. आजी सारखी विचारते, हे कुणाचं आलं म्हणून."

भांड्यांच्या दुकानात कुणीतरी पातेलं वाजवून बघत होतं. मला एका वाक्यात सांगता आलं असतं. मी टेप उचलला आणि कापड मोजायला घेतलं, एकदा मोजून झालं तरी पुन्हा मोजलं.

वंदना स्टुलावर बसली. तिने मानसीचा हात धरून तिचं बोट आपल्या खालच्या ओठाखाली टेकवलं. "इथं दाब."

मानसीने दाबलं.

"दाबलंस?"

"हो."

"मला कळत नाय. इथं मला काय लागतच नाय. पाणी सांडलं तरी समजत नाय." तिने मानसीचं बोट तिथंच धरून ठेवलं. "तुझं तोंड माझ्यावर गेलंय. माझं कापून मागे केलंय."

मानसीने चिमटा काढून बघितला. "आता?"

"नाय."

हे मलाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी मनातल्या मनात तिला चारचौघांत बसून बिनघोर जेवताना बघत आले होते. आणि ती प्रत्येक घासाला, काही सांडलंय की नाही हे न कळता, रुमालाने हनुवटी पुसत बसली असणार. ब्लाउज कधी मिळेल ते विचारून ती उठली. घरी ये म्हणाली नाही. मीही म्हटलं नाही. पायऱ्या उतरताना मानसी अजून आईच्या ओठाकडे हात नेत होती आणि वंदना तो नेऊ देत होती.

आठवड्याने ब्लाउज न्यायला एक पुरुष आला. उंच, कंपनीचा गणवेश घातलेला, वंदनाचा नवरा असणार. मी पिशवी पुढे केली. त्याने ती घेतली, पण पैसे देऊनही तिथेच उभा राहिला.

"तुमीच काय त्या?" तो म्हणाला. "वंदनाच्या दवाखान्यातल्या?"

"हो," मी म्हटलं.

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "लय घाबरलेली काय ती तेव्हा?"

"ती नाय घाबरली," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि तो गेला. त्याला ड्यूटीची गाडी पकडायची होती. मला सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्याने तेवढंच विचारलं.